नेव्हला विचारा

ज्या वाक्यावर बदामाच्या बागा तगतात ते वाक्य फार विचार करून लिहावं लागतं, असं ग्लेनिस ट्रेगेन्झा नेहमी म्हणे. आमच्या कालवा कंपनीत तिचं सर्वांत गाजलेलं वाक्य दोन शब्दांचं होतं: 'नेव्हला विचारा.'

त्या सोमवारी सकाळच्या चहाला डीन कापुतोनं भिंतीवरच्या पडद्यावर नव्या एआय एजंटच्या कामाची नोंद लावली होती. डीन आमचा मॅनेजर, दोनच वर्षांपूर्वी अ‍ॅडलेडहून आलेला. पूर्वी कालव्याची गेटं उघडण्या-मिटण्याची बटणं कॉम्प्युटरवर आम्ही दाबायचो. या हंगामापासून ती एआय एजंट दाबत होता. कोणतं बटण काय करतं, कधी दाबायचं आणि कधी अजिबात नाही, हे त्याला नीट लिहून द्यायचं काम ग्लेनिसचं. तेच काम तिनं आमच्यासाठीही वर्षानुवर्षं केलं होतं आणि आम्ही एकही पान उघडून पाहिलं नव्हतं. एजंट मात्र दर वेळी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचा. नोकरी संपत आली असताना ग्लेनिसला वाचक मिळाला होता. ती केस रंगवून यायला लागली होती.

पडद्यावर ओळी सरकत होत्या. पाण्याची पातळी मोजली. नेव्हला विचारलं. नेव्हनं होकार दिला. गेट सात बंद केलं.

ग्लेनिसचा सॉसेज रोल तोंडापाशीच थांबला.

"हा कुठला नेव्ह?" तिनं विचारलं.

"तो आपला जुना प्रोग्राम ना?" डीन म्हणाला. "मस्त चालतो. एकदाही अडला नाही."

नेव्ह प्रोग्राम नाही, माणूस आहे, हे त्याला आम्ही सांगितलं. कालव्यावरचा आमचा जुना सहकारी नेव्ह स्टोबार्ट निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. त्याच्या निरोपाच्या बार्बेक्यूला आम्ही सगळे होतो, डीन तेवढा नव्हता. जुन्या मजकुरातलं ते वाक्य ग्लेनिसनं नव्यात जसंच्या तसं उतरवलं होतं. ते गाळावं असं आमच्यापैकी कोणाच्याच मनात आलं नसतं. एजंटला मेसेज पाठवता येत होते, नेव्हचा नंबर कंपनीच्या यादीत अजून होता, आणि एजंटला लिहिलेल्याकडे दुर्लक्ष करायची आमची सवय नव्हती. त्यानं विचारलं. आणि नेव्ह हंगाम सुरू झाल्यापासून उत्तर देत होता.

डीन पांढराफटक पडला. कंपनीचं पाणी नदीकाठच्या कॅरव्हान पार्कमधला एक पेन्शनर तोडतोय, हे विमावाल्यांना कळलं तर काय, एवढंच तो पुटपुटत राहिला. मग त्यानं हुकूम सोडला. नेव्ह काय बघून हो किंवा नको म्हणतो, ते शुक्रवारपर्यंत त्या वाक्याच्या जागी स्वच्छ लिहून पाहिजे. जमत नसेल तर सगळं लिखाण मेलबर्नच्या एका कंपनीकडे जाईल आणि ग्लेनिसनं खुशाल घरी बसावं.

ग्लेनिस टेबलाटेबलाशी जाऊन विचारत फिरली: गेट सात कधी बंद करू नये? सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. नेव्हला विचार. मीही तेच दिलं. शेवटी तिला गाडीत घालून मी नेव्हकडे घेऊन गेलो.

वाटेत ती मला बऱ्याच वर्षांपूर्वीच्या त्या जानेवारीची हकिगत पुन्हा सांगत होती, जणू मला ठाऊकच नव्हती. आमच्याकडचा भर उन्हाळा, अंग भाजणारं ऊन, सगळे म्हणत होते गेट सात बंद करा, एकटा नेव्ह म्हणाला नको. त्याच दुपारी वरचा पंप बंद पडला. खाली जेवढं पाणी गेलं होतं तेवढ्यावर बदाम वाचले. ते वाक्य तेव्हापासूनचं.

नेव्ह त्याच्या कॅरव्हानबाहेर, म्हणजे चाकांवरच्या घराबाहेर, ताडपत्रीखाली बसला होता. आम्हाला बघून त्यानं लगेच चहा टाकला. मेसेजचं विचारल्यावर खूश झाला.

"मला वाटलं, नवीन पोरगं लागलंय कामाला. फार अदबीनं विचारतं गं, वर आभारही मानतं. आपल्यात होतं का कोणी असं? उत्तर दिलं नाही तर वाईट वाटेल बिचाऱ्याला. मी आपला अंगठा पाठवतो."

"पण काय बघून पाठवतोस?"

"मोबाइल बघून."

ग्लेनिसनं कप खाली ठेवला. "आणि कामावर होतास तेव्हा?"

"तेव्हा तरी काय. तुम्ही लोक ठरवूनच यायचात. मी म्हणायचो, कर बंद."

"नेव्ह, त्या जानेवारीत तू नको म्हणाला होतास."

नेव्हनं कपातली साखर ढवळली.

"गेटच्या खाली गळ टाकून बसलो होतो मी. मासे लागत होते. पाणी तोडलं असतं तर गेले असते."

ग्लेनिसनं माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं. निघताना नेव्ह गाडीपर्यंत आला. म्हणाला, "त्या पोराला सांग, बिनधास्त विचारत जा म्हणावं. मला कसला त्रास."

शुक्रवारी ग्लेनिसनं मजकूर दिला. गेट सातसमोर आता एवढंच आहे: 'हे बटण दाबल्यावर गेट बंद होतं.' डीनला ते इतकं स्पष्ट वाटलं की त्यानं ते वरिष्ठांना नमुना म्हणून पाठवलं. ग्लेनिसची नोकरी राहिली. एजंट आता कोणाला न विचारता गेट बंद करतो.

बदाम नेहमीइतकेच आले. कोणाचेच मेसेज येईनात, म्हणून नेव्हनं फेब्रुवारीत मोबाइल बंद करून टाकला.