एकाच फोनचं वायफाय

माणगाव मागे पडलं तरी हरिभाऊंच्या तोंडून शब्द फुटेना. शेजारी चारुलता बसली होती, मांडीवर सिंगापूरहून आणलेली चार पायांची काठी आडवी धरून. काठी तिच्या आईसाठी, प्रयागबाईंसाठी होती. आणि प्रयागबाई परवा पहाटेच गेल्या होत्या. गाडी चालवणाऱ्या सुशांतला ते ठाऊक होतं, महाडमधल्या त्यांच्या अख्ख्या आळीला ठाऊक होतं, हरिभाऊंना तर सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त चारुलताला.

बेत असा ठरला होता की आधी महाडला घरी जायचं. शेजारच्या मालोजींच्या घरी आंघोळीचं पाणी तापवून ठेवलेलं असणार. तिला बसवायचं, सांगायचं, तिची आंघोळ झाली की मग पोलादपूरला माहेरी न्यायचं. हरिभाऊंची उभी हयात तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून गेली होती. कुठल्याही गोष्टीचा क्रम लागल्याशिवाय त्यांचा हात पुढे सरकत नसे. क्रम लागला की मात्र त्यांना वाटे, आपलं काम झालं.

जहाजाच्या सहलीचंही त्यांनी असंच केलं होतं. चारुलता नाते गावच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली म्हणून मुलाने, निषादने, पुण्याहून दोघांचं बुकिंग करून दिलं: सिंगापूरहून जहाज, वाटेत पेनांग, मग फुकेत, आणि परत सिंगापूर. नवराबायको त्याआधी गोव्यापलीकडे गेलेले नव्हते. पण हरिभाऊंनी इतकं वाचलं, इतके व्हिडिओ पाहिले, की निघायच्या आधीच ते महाडच्या ज्येष्ठ मंडळींच्या ग्रुपवर जाणकार झाले. खोली खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मधोमध घ्यावी, तिथे हेलकावे कमी लागतात. औषधं हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण मोठ्या बॅगा खोलीत पोचायला संध्याकाळ होते. मळमळायला लागलं तर आल्याची वडी चघळावी आणि नजर लांब क्षितिजावर ठेवावी. बंदरात उतरताना दोघांचे पासपोर्ट बरोबर असावेत; घरी काही बरंवाईट झालं तर जहाजाच्या लोकांना सांगून तिथूनच विमानाने परतता येतं. हे शेवटचं निषादने सांगितलं होतं, आणि चारुलताने मनावर घेतलं होतं. प्रत्येक बंदरात दोन्ही पासपोर्ट तिच्या पर्समध्ये असत.

हरिभाऊंची सगळ्यात लाडकी सूचना मात्र स्वतःची होती. जहाजावरचं वायफाय एकाच फोनचं घ्यावं. नवराबायको एकाच खोलीत, दोन फोन हवेत कशाला? ग्रुपवर या सूचनेला सगळ्यात जास्त अंगठे आले. चारुलताचा फोन मग सहलभर खोलीतल्या कपाटात पडून राहिला.

तिची त्याला हरकत नव्हती. तिला एकच करायचं असे. रोज सकाळी डेकवर उभं राहून ती हरिभाऊंचा फोन मागून घेई आणि आईसाठी आवाज भरून तो भावाला, महिपतला, पाठवी. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, भाताच्या खाचरांना लागून माहेरचं घर. प्रयागबाई आदल्या महिन्यात अंगणात पडल्या, तेव्हापासून खाटेवरच. सहल रद्द करते म्हणून चारुलता हटून बसली होती, तर म्हातारीनेच तिला घालवली. म्हणाली, "जा गो. मला काय एवढ्यात नाय होत. आन् झालाच काय, तर तुझ्या हातचा पानी घेतल्याबिगर मी जायाची नाय." चारुलताने ते हसण्यावारी नेलं, पण आईचा शब्द तिने घट्ट धरून ठेवला होता. हे हरिभाऊंच्या समोर झालेलं. त्यांना विसरायची सोय नव्हती.

महिपतचा फोन आला तो फुकेतच्या धक्क्यावर. चारुलता पुढे बायकांच्या घोळक्यात नारळपाण्याच्या गाडीजवळ उभी होती.

"दाजी, आयेचा काय भरवसा नाय आता," महिपत म्हणाला. "डाक्टर बोलला, दोन दिस, नायतर तीन. चारूताईला सारखी विचारतेय. पन तिला आत्ता सांगू नका. परवासात मानसाला असला सांगू नये. तुमी ठरवा काय ता."

महिपतने चारुलताला का विचारलं नाही, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नाही. बाईमाणसाला असं एकदम सांगायचं नसतं, आधी जावयाच्या कानावर घालायचं, हीच रीत. आणि तिचा फोन तर कपाटात होता.

हरिभाऊ उन्हात उभे राहिले. फुकेतहून मुंबईला थेट विमान असतं हे त्यांना माहीत होतं. त्यांनीच ते ग्रुपवर लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चारुलता आईच्या खाटेपाशी पोचली असती. पण गाडीजवळ ती हसत होती. तोंडावर हात न धरता, मान मागे टाकून, लग्न झाल्यापासून त्यांनी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. ते मोडायचं त्यांच्या जिवावर आलं. म्हातारी चिवट आहे, आपण पोचेपर्यंत टिकेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. आणि खरं सांगायचं तर त्यांना स्वतःलाही जहाजावर परत जायचं होतं. दुसऱ्या रात्री कप्तानाची मेजवानी होती आणि त्यासाठी शिवलेला कोट अजून घडीतच होता. माणूस मोठं पाप करतो तेव्हा त्यात असली एखादी बारकी हौस असतेच, आणि तीच नंतर जास्त सलते.

तेवढ्यात चारुलता आली, फोन घेतला, आणि पाठमोरी होऊन आईसाठी आवाज भरायला लागली. आईशी बोलताना तिची शाळेतली भाषा आपोआप गळून पडे.

मेजवानीला तिने पैठणी नेसली. त्याच रात्री, मागाहून कळलं, प्रयागबाईंचा श्वास लागला होता. सकाळी जहाज सिंगापूरला लागलं आणि महिपतचा दुसरा फोन आला. आये पहाटे गेली. गाव थांबायला तयार नाही, दुपारी नेतो. सांगू नका, तो रडत म्हणाला, ऐकलं नाय तवर तिला सुतक नाय, तिला सुखाने येऊ द्या.

ती बिचारी सुखातच होती. संध्याकाळी ती हरिभाऊंना एका दुकानात घेऊन गेली. ही काठी पाहिली. चार पाय असल्याने ती आपली आपण उभी राही. उंची कमीजास्त करायला खटके होते, ते लावायला दुकानातली मुलगी माप विचारू लागली.

"आये तुमच्या खांद्याला लागते ना?" चारुलता म्हणाली. "जरा वाकून उभे राहा तिच्यासारखे."

हरिभाऊ भर दुकानात सासूसारखे वाकून उभे राहिले आणि काठीचं माप दिलं. त्या रात्री त्यांनी गोड खाल्लं नाही. पोट बिघडलंय म्हणाले. चारुलताने काठीचं वर्णन महिपतच्या फोनवर पाठवलं, थोड्या वेळाने दोन निळ्या खुणा उमटल्या, आणि ती समाधानाने म्हणाली, ऐकलं बघा आयेने.

दासगाव गेलं. खाडीच्या अंगाने महाड दिसायला लागलं तसं हरिभाऊ सुशांतला म्हणाले, घरीच घे रे आधी. चारुलता म्हणाली, मुळीच नाही. घरी गेले की बॅगा उपसण्यात आणि आळीतल्या बायकांना सहल सांगण्यात दिवस जाईल. सरळ पोलादपूरला चल, आईला काठी देते, चालवून बघते, मग घर. सुशांतने आरशातून हरिभाऊंकडे पाहिलं. हरिभाऊ बाहेर पाहत राहिले. सुशांतने गाडी सरळ घेतली. महाडचा फाटा, तापवलेलं पाणी आणि सगळा क्रम मागे पडला.

पोलादपूरला गाडी महाबळेश्वरच्या रस्त्याला वळली. तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं. चारू, जरा ऐक, म्हणाले. पण ती काच खाली करून बघत होती, कारण रस्त्याच्या कडेला, माहेरच्या पायवाटेपाशी, महिपत उभा होता. त्याने डोकं पूर्ण भादरलेलं होतं.

ती ओरडली नाही. मग तिने हळू आवाजात विचारलं, "कधी?"

"परवा पहाटे," हरिभाऊ म्हणाले, आणि कुणी विचारलं नसताना पुढे म्हणाले, "मला आजच कळलं. विमानतळावर."

ओसरीवर, जिथे खाट होती तिथे, सारवलेल्या जमिनीवर दिवा तेवत होता. चारुलता त्याच्यासमोर बसली. महिपतची बायको रेश्मा तिला धरून रडायला लागली. चारुलताला रडू येत नव्हतं. तिला एकच जाणून घ्यायचं होतं. शेवटी तिने विचारलं, की आईच्या तोंडात पाणी कुणी घातलं.

महिपतने दिव्याची वात पुढे सारली.

"तोंडच उघडत नव्हती ती, ताई," तो म्हणाला. "मी चमचा लावला, तर दात घट मिटलेले. चारू येल तवा, बोलली. दिसाया बंद झाला होता तिला, पन कान शाबूत. रात सरत आली, घशात कोरड, जीव काय जाईना. मग मी रेश्माला बोललो, तू पानी घाल, मी ताईचा आवाज लावतो."

"कुठला?"

त्याने खिशातून फोन काढला. तो लावायला नको असं रेश्मा मानेनेच सांगत होती, पण चारुलताने हात पुढे केला आणि स्वतःच लावला. मागे माणसांचा गलका, कुठेतरी मोटारबोटीचा आवाज, आणि त्यात तिचा हसरा, मोकळा आवाज ओसरीभर झाला.

"आये, आज बंदरात उतरलोय. इथं एक गंमत हाय. फोनातलं घड्याळ एक तास मागं जातं, पन ते खरं धरायचं नाय. जहाजाचं घड्याळ खरं. जो चुकला तो ऱ्हायला, जहाज कुनासाठी थांबत नाय. पन तू घोर करू नको. मी येळेवर पोचते."

"येवढा ऐकला आन् तोंड उघडला तिनं," महिपत म्हणाला. "आलीस गो, बोलली. दोन चमचे पानी प्याली."

मग महिपतलाच ते सहन होईना. तो डोळे पुसत म्हणाला, चूक माझीच, फुकेतला दाजींना फोन केला तेव्हा सांगू नका असं मीच म्हणालो, नाहीतर तू पोचली असतीस. तो मनापासून स्वतःवर घेत होता. आपण काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

चारुलताने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. हरिभाऊ खांबाला टेकून उभे होते. विमानतळ, आज सकाळ, सगळं त्यांच्या तोंडावरून उतरलं होतं.

"धक्क्यावर आला होता तो फोन?" तिने विचारलं. "मी नारळपाणी घेत होते तेव्हा?"

"हो."

"पासपोर्ट माझ्या पर्समध्ये होते," ती म्हणाली.

एवढंच. ती पुन्हा दिव्याकडे तोंड करून बसली. खूप वेळाने उठली, अंगणात गाडीपाशी आली आणि काठी मागच्या सीटवर ठेवली. सुशांतला म्हणाली, यांना घरी सोड. हरिभाऊ म्हणाले, मीही थांबतो. ती म्हणाली, नको. मग काठीकडे बोट दाखवून म्हणाली, "तुमच्याच मापाची आहे. ठेवा तुम्हाला."

तेरावं झालं. हरिभाऊ गेले, रांगेत बसले, जेवले. चारुलताने त्यांचं पान वाढलं, पण काही हवं का म्हणून विचारलं नाही, आणि बरोबर परत आली नाही. निषाद फोनवर म्हणाला, बाबा, तिला थोडा वेळ द्या. वेळ द्यायला ते तयार होते. तो घेणारं घरात कुणी नव्हतं. ते सकाळी उठत, एकाचा चहा करत, आणि कोपऱ्यात आपली आपण उभी असलेली ती काठी दिसू नये म्हणून भिंतीकडे पाठ करून पीत.

एका सकाळी मालोजी आले. बसले, इकडचं तिकडचं बोलले, मग जरा ओशाळून विषय काढला. त्यांच्या मुलीने त्या दोघांना दिवाळीनंतर जहाजावर पाठवायचं ठरवलं होतं. हरिभाऊंच्या सगळ्या सूचना त्यांनी ग्रुपवरून उतरवून घेतल्या होत्या: खोली मधोमध, आल्याची वडी, घड्याळ, पासपोर्ट. आता फक्त पैसे भरायचे होते.

"आणि वायफाय एकाच फोनचं पुरतं, नाही का?" मालोजी म्हणाले. "तुम्हीच लिहिलं होतंत."

हरिभाऊंनी कप खाली ठेवला.

"दोन घ्या," हरिभाऊ म्हणाले. "आणि माहेरच्यांना वहिनींचाच नंबर देऊन ठेवा. तुमचा नको."