एका झग्याच्या बहिणी

“घाल गं माय, अंगाला लावून बघ. आपल्यात कुणाच्या अंगाचा विटाळ न्हाई.”

नेकनूरच्या बाजारात झंपरांच्या ढिगामागं बसून मन्मथप्पा येणाऱ्या प्रत्येक बाईला असं म्हणायचे. लहानगी शिवांजली आजोबांच्या मांडीला टेकून ते ऐकायची. आजोबा गेले, त्याला वर्षं लोटली. आता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या नातीला तो आवाज भर दुपारी ऐकू यायचा आणि ती मान खाली घालायची.

बीडच्या दवाखान्यात सिझरच्या आधी आयाबाईनं दोरीवरचा हिरवा झगा ओढून तिच्या हातात दिला होता. झगा दमट होता, बंदाजवळ पिवळसर डाग. “धुतलेलाच हाय,” आयाबाई म्हणाली. ऑपरेशननंतरही तोच अंगावर राहिला, टाक्यांवर ओलसर चिकटून.

शेजारच्या खाटेवर नारायणगडाकडची वनमाला होती, आदल्या दिवशी बाळंत झालेली. झगा बघून ती हसली.

“काल माझ्याच अंगावर व्हता ह्यो. डाग बी माझाच, औषधाचा. आपण एका झग्याच्या भैनी झालो की.”

शिवांजलीही हसली. तिच्यासमोरच बाळाला छातीशी घेऊन बसली. संध्याकाळी नर्स आली आणि वनमालाला म्हणाली, “तुला पांढरी कावीळ हाय, पण भिऊ नको. बाळाला सुया दिल्यात. बिनघोर पाज.” वनमालानं लगेच पोराला पदराखाली घेतलं. शिवांजलीच्या कानात मात्र कावीळ तेवढी उरली.

वनमालानं दिलेला शेंगदाण्याचा लाडू तिनं खाल्ला नाही, कागदात गुंडाळून बादलीत टाकला. मोबाइलवर पांढरी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी, शोधलं. रक्तातून होतो, सुईतून होतो, नवरा-बायकोच्या संबंधातून होतो. कपड्याचं नाव कुठं नव्हतं. पण तो डाग, ती ओल, ते टाके... आणि आपल्याला लागलीच असेल, तर दुधातून बाळाला? विचारणार कुणाला? तपासणीत काही निघालं तर सासरचे झग्याला दोष देणार नव्हते. आणि काहीच निघालं नाही तर, मन्मथप्पांची नात बाईच्या अंगच्या कापडाला भ्याली म्हणायचं.

म्हणून माहेरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, “आई, दूध येत न्हाई.”

बसम्मानं हाळिवाची खीर केली, शेपूची भाजी केली, शतावरी उकळली, लेकीची पाठ शेकली. शिवांजली ते सगळं खायची आणि न्हाणीत जाऊन दार लावायची. दाटलेल्या छातीतून पांढरी धार दगडावर पडायची, मोरीच्या वाटेनं वाहून जायची. वरून ती तांब्याभर पाणी ओतायची. बाहेर बाळ बाटलीतल्या पावडरच्या दुधाला तोंड वाकडं करून रडायचं. त्याला हगवण लागली, मांड्यांची कातडी सैल पडली. गावातल्या डॉक्टरनंही सांगितलं, ह्याला आईचं दूध पाहिजे.

नातवाला पायावर घेऊन बसम्मा हलक्या आवाजात गायची,

“दुधाचा गं पान्हा कुण्या वाटेनं वळला,
माझ्या गं लेकीचा चांद भुकेनं मळला.”

शिवांजली भिंतीकडे तोंड करून पडायची.

एकदा बसम्मानं विचारलं, “त्या शेजारणीसमोर पाजलं व्हतंस का गं?”

“पहिल्या दिशी.”

“मंग तिनंच नेलं.”

बसम्माच्या आईनं तिला तसंच सांगितलेलं. दोन बाळंतिणी समोरासमोर पाजायला बसल्या की एकीचं दूध दुसरीकडं जातं. नेणारीनं आपल्या हातानं ओंजळभर ज्वारीचं पीठ हिच्या पदरात घातलं, की वळून येतं.

शिवांजलीनं तिथंच नाही म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, “असंल.”

वनमालाचे फोन तिनं कधी उचलले नव्हते. त्याच नंबरावर बसम्मानं फोन लावला, आणि दोन दिवसांनी वनमाला एसटीनं आली. कडेवर बाळ, पदराच्या गाठीत पीठ.

“तितंच बस,” बसम्मा म्हणाली. वनमाला उंबऱ्याबाहेर बसली.

“मावशी, असं जातंय हे मला ठावं न्हवतं.”

“कुणाला ठावं असतंय? नेणारीचं पोरगं तेवढं गुबगुबीत हुतंय.”

वनमालानं बाळाचा उघडा पाय गुपचूप शालीत लपवला. “चुकलं माझं, शिवांजली. ह्याला भूकच लई. वढलं असंल ह्यानं.”

तिनं गाठ सोडली आणि ओंजळ पुढं केली. “धर पदर. तुझं तुला.”

त्या कामासाठी बसम्मानं लेकीला मुद्दाम साडी नेसवली होती. आत बाळ रडायला लागलं, तशी शिवांजलीची छाती भरून आली आणि झंपर भिजत गेलं. तिनं पदर दोन्ही हातांनी गच्च आवळून धरला.

“अगं, पसर की,” बसम्मा म्हणाली. “किती येळ हात धरून बसंल ती?”

वनमालाच्या बोटांच्या फटीतून पीठ उंबऱ्यावर सांडत होतं. ती ओशाळून, वर न बघता, थांबली होती.

शिवांजलीनं पदर खाली सोडला. ओलं झंपर दोघींना दिसलं.

“आई, हिनं काय नेलं न्हाई. दूध आटलंच न्हाई माझं. रोज न्हाणीत पिळून टाकते मी. हिला कावीळ हाय, अन् हिचाच झगा माझ्या अंगावर व्हता, म्हणून भ्याले. पोराला उपाशी ठेवलं, अन् हिला चोर ठरू दिलं.”