ताळा

परीक्षा चार दिवसांवर आली होती. वर्गातल्या हुशार मुलीला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. तास संपल्यावर ती पाच जणांना गणित समजावत होती.

"वर्गमूळ घालवायचं तर दोन्ही बाजूंचा वर्ग करायचा," असं म्हणत तिने झपाझप फळा भरला. एक्सची दोन उत्तरं आली, सहा आणि एक. पाचही जणांनी ती मुकाट्याने उतरवून घेतली.

मग तिलाच काय वाटलं कोण जाणे, तिने एक हे उत्तर पहिल्या समीकरणात घालून पाहिलं. डावीकडे दोन आले, उजवीकडे उणे दोन. उत्तर सपशेल खोटं होतं.

"एवढी ढळढळीत चूक कुणालाच दिसली नाही?" ती कडाडली.

"दिसली," तिची मैत्रीण खाली मानेने म्हणाली. "पण 'ताळा करून बघ' असं गोट्या म्हणायचा. त्याला तू एक दिवस सगळ्यांसमोर सुनावलंस, 'डोकं खाऊ नकोस, जमत नसेल तर येऊ नकोस.'"

त्या दिवसापासून गोट्या आला नव्हता. मास्तरीणबाईने खडू खाली ठेवला.

"त्या दिवशीही," मैत्रीण हळूच म्हणाली, "त्याचंच बरोबर होतं."