सोमवारचं प्रॅक्टिकल

मी आवाज चढवून बोलत नाही. पहाटे स्नान, तुळशीला पाणी, एक माळ जप, गुरुवारी अळणी जेवण आणि कुणाला टाकून बोलायचं नाही, असे माझे नेम आहेत. शेवटचा नेम सासूबाई गेल्या त्या वर्षी घेतला. तो मोडला तोही हळू आवाजातच, म्हणून त्या दिवशी माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

बुरहानपूरच्या एका खाजगी कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलची तारीख मीच ठरवते. परीक्षक बाई खंडव्याहून येतात. त्यांनी फोनवर दोन दिवस दिले, सोमवार नाहीतर बुधवार. मधल्या मंगळवारी मोहरमची सुट्टी होती. माझी एकादशीही मंगळवारीच, म्हणजे बुधवारी सकाळी द्वादशीचं पारणं. नैवेद्य दाखवून वेळेत उपास सोडायचा, त्यात कॉलेजची धावपळ कुठे? मी म्हटलं, सोमवार बरा. नोटिशीत लिहिलं, ‘परीक्षकांच्या सोयीनुसार’. खोटं लिहितेय असं वाटलं नाही. नोटिशीत तसंच लिहितात.

शनिवारी जुमाना स्टाफरूममध्ये आली. बोहऱ्यांच्या मुली घालतात तो लेस लावलेला फिकट निळा रिदा, हातात अर्ज. वर्गात तिच्याइतका स्थिर हात कुणाचा नाही. इंदूरला एम. एस्सी. करायचं म्हणते.

“मॅम, सोमवारी मला नाही जमणार. आमचा आशुरा आहे. सकाळपासून संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजपर्यंत मशिदीत असतो आम्ही. बुधवारी होईल का माझं?”

“मोहरम तर मंगळवारी आहे ना बाळा?”

“वो सरकारी छुट्टी है, मॅम. हमारा एक दिन पहले आता है. आमचं कॅलेंडर वेगळं असतं.”

पलीकडच्या टेबलावर भौतिकशास्त्राचे यादव सर डबा खात होते. “वा! म्हणजे मोहरम डबल, छुट्टी पण डबल! मॅडम, हमें भी इसी कॅलेंडर में डाल दो.”

मी हसले. आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “चंद्र काय दोन आहेत का गं? अभ्यास झाला नसेल तर तसं सांगावं. देवाचं नाव पुढे करू नये.”

सगळे हसले. जुमानाचे गाल आणि नाकाचा शेंडा लाल झाला. “जी मॅम,” म्हणाली, अर्ज टेबलावर ठेवला आणि गेली. मी तो न वाचताच हजेरीपटाखाली सरकवला.

सोमवारी इतवारा बाजारातून स्कूटीवर जाताना बोहऱ्यांच्या दुकानांची शटरं खाली दिसली. हार्डवेअर, काच, कुलपं, एकही दुकान उघडं नाही. सोनेरी काठाच्या पांढऱ्या टोप्यांची माणसं, बायका, पोरं, सगळे मशिदीकडे चालले होते. बावीस वर्षं याच रस्त्यानं जाते मी. तिथेच मला कळलं, मुलगी खरं बोलत होती. पण परीक्षक बाई आता निघाल्या असतील, असं मनाशी म्हटलं आणि स्कूटी पुढे काढली.

“ये एक लडकी?” प्रयोगशाळेत परीक्षक बाईंनी यादीवर बोट ठेवून विचारलं.

“नहीं आई,” मी म्हणाले. का नाही आली, ते मला माहीत होतं. त्यांनी लाल पेनानं ‘अनुपस्थित’ लिहिलं. प्रॅक्टिकलला अनुपस्थित म्हणजे नापास, आणि पोरीचं एक वर्ष गेलं. मी शेजारी सही केली.

संध्याकाळी दापोऱ्याहून नणंदेचा फोन आला. “काय वहिनी, साबुदाणा खाल्ला का?”

“आमची उद्या, कोकिळावन्सं. भागवत.”

“हो की! माझी आजच, सासरी स्मार्त ना. लग्न झाल्यापासून देवानं माझी एकादशी एक दिवस आधी सरकवली बघा!” ती खळखळून हसली.

मी फोन ठेवला. भिंतीवरच्या कॅलेंडरात दोन चौकोनांत दोन एकादशा छापलेल्या होत्या. जन्मभर बघत आलेय. चंद्र काय दोन आहेत का, असं कोकिळावन्संना मी कधी विचारलं नव्हतं.

मंगळवारी माळ हातात धरवेना. उपाशीच प्राचार्य पंडित सरांच्या घरी गेले. तिथे जुमाना वडिलांबरोबर आधीच येऊन बसली होती. मला पाहून दोघंही उठून उभे राहिले. मला तेच जास्त लागलं.

पंडित सर मला म्हणाले, “मी यांना तेच सांगतोय. ताप आला होता असं लिहा, मेडिकल लावा, काम होऊन जाईल.”

वडिलांनी मुलीकडे पाहिलं. “मला ताप नव्हता, सर,” जुमाना म्हणाली.

“सर, चूक माझी आहे,” मी म्हणाले. “परीक्षक बाईंना विचारू या.”

सरांनी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. सगळं ऐकून बाई म्हणाल्या, “मार्क्स का पोर्टल गुरुवार तक खुला है, कल आ जाती हूँ. पर सुलभा मॅडम, मैंने तो बुधवार भी बोला था ना? आपने ही कहा, बुधवार को मेरा व्रत छूटता है.”

जुमानाचे वडील चपला घालायला दाराकडे गेले. मी तिला म्हणाले, “माझं चुकलं.”

“कोई बात नहीं, मॅम,” ती लगेच म्हणाली. मोठ्या माणसांना म्हणतात तसं. माझ्याकडे न बघता.

बुधवारी नऊ वाजता ती प्रयोगशाळेत एकटीच परीक्षेला उभी होती; परीक्षक बाई कोपऱ्यातल्या टेबलाशी कागद बघत होत्या. ब्युरेटमधून थेंब थेंब पडत होता. पारण्याची वेळ साडेनऊपर्यंतच होती. मध्येच ती म्हणाली, “मॅम, आपका टाइम हो गया होगा. आप जाइए. मैं नकल नहीं करूँगी.”

अभ्यास झाला नसेल तर तसं सांगावं, हे तिच्या लक्षात होतं. मी स्टुलावरून उठले नाही.

तेवढ्यात दारातून यादव सर डोकावले. मागे चहाची किटली घेऊन कॉलेजची शिपाई मालूबाई. “आ गई क्या डबल मोहरमवाली?”

जुमानाचा हात थांबला. रिद्याच्या कडेला दिसणारा तेवढा गाल पुन्हा लाल झाला.

“सर, ती खरं बोलत होती,” मी म्हणाले. “माझ्या उपासासाठी मी तारीख सोमवारी घेतली. खोटं मी लिहिलं.”

माझा आवाज नेहमीसारखाच निघाला. यादव सरांनी कानाला हात लावला. “क्या मॅडम? सुनाई नहीं दिया.”

मालूबाई किटली धरून उभी होती. परीक्षक बाईंनी चष्मा काढला. मला तेच सगळं पुन्हा, आवाज चढवून सांगावं लागलं.