गुरुवारचा गलका

"अहो, चेंडू सोडायचाय! रिमोट नाही!"

तोवर रिमोट चिडीचूपकाकांच्या हातातून निसटून थेट सोफ्याखाली जाऊन पडला होता. टीव्हीच्या पडद्यावरच्या दहाच्या दहा बाटल्या जागच्या हलल्या नव्हत्या. वृद्धाश्रमाच्या हॉलमधली म्हातारी मंडळी पोट धरून हसत होती आणि काका गुडघे टेकून सोफ्याखाली हात घालत होते.

चिडीचूपकाका हे नाव वाचनालयात येणाऱ्या पोरांनी ठेवलेलं. काका तिथले शिपाई. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम जीव तोडून केलं, लोकांना गप्प बसवण्याचं. कुणी खोकला तरी त्यांची मान वळायची. आणि निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना नव्या ग्रंथपालबाईंनी हे खूळ काढलं.

"ज्यांना आपल्याकडे येणं जमत नाही त्यांच्याकडे आपण जायचं, काका. दर गुरुवारी. पुस्तकंही न्या आणि हा रिमोट हलवून बाटल्या पाडायचा व्हिडिओ गेमही."

"बाई, हे काय वाचनालयाचं काम?"

"ज्यांना बारीक अक्षरं दिसत नाहीत त्यांनी पुस्तकांचं काय करायचं? हात तर हलतात ना त्यांचे?"

काका निमूट निघाले. वरिष्ठांपुढे बोलायची त्यांना सवय नव्हती.

पहिल्या गुरुवारी सगळ्यांत जोरात हसली ती बटणआजी. शर्टांच्या कारखान्यात तिचा जन्म बटणं लावण्यात गेला होता. "आयुष्यभर बटणं लावली, आता दाबते," असं म्हणून तिने रिमोट उचलला आणि पहिल्याच झटक्यात आठ बाटल्या लोळवल्या. मग हसत हसत ती वळली. तिच्या डाव्या भुवईत पांढऱ्या केसांचा एक पट्टा होता.

काकांनी दोन पावलं पुढे येऊन पुन्हा पाहिलं.

ही भुवई त्यांनी पाहिली होती. एकोणतीस वर्षांपूर्वी, नोकरीला दोनच वर्षं झाली असताना, कामावरून परतणारी एक बाई सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन वाचनालयात यायची. मुलगी चित्रांचं पुस्तक बघत बसायची. एक दिवस ती खळखळून हसली. काकांनी सगळ्यांदेखत तिचा दंड धरला आणि दोघींना दाराबाहेर काढलं. बाई एवढंच म्हणाली होती, "साहेब, हसली फक्त." त्या दोघी पुन्हा कधी आल्या नाहीत. काकांनी नंतर अशा कितीकांना बाहेर काढलं, पण ते वाक्य तेवढं घशात माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं.

त्या पहिल्या गुरुवारनंतर काकांचं चित्त थाऱ्यावर राहिना. पुस्तकं चुकीच्या फडताळात जाऊ लागली. जेवताना ते मध्येच उठत आणि खिडकीशी जाऊन उभे राहत. "अंगात काय मुंग्या शिरल्यात का?" बायको विचारी. गुरुवार नको वाटे, आणि गुरुवार येईपर्यंत दमही निघत नसे. वृद्धाश्रमात ते बटणआजीच्या खुर्चीमागे घुटमळत, तोंड उघडत, पुन्हा मिटत.

चौथ्या गुरुवारी मात्र त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं.

बटणआजीने रिमोट मांडीवर ठेवला आणि त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "मला नाही हो आठवत. तेव्हा कुठून कुठून बाहेर काढायचे आम्हाला. किती जणांची तोंडं लक्षात ठेवायची?"

काकांना वाटलं, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पोरीला आठवत असेल पण," ती म्हणाली. "ती काही विसरत नाही. रविवारी येते. तिलाच विचारा. आणि येताना हे यंत्र आणा, तिला पण हरवते एकदा."

रविवारी, सुट्टी असून, ग्रंथपालबाईंची परवानगी काढून काका यंत्र घेऊन गेले. मुलगी आधीच येऊन बसली होती. लिफ्ट दुरुस्त करायचं काम होतं तिचं. कामावरूनच आली होती, नखांत काळं ग्रीस होतं. काकांनी टीव्हीला वायर जोडली. दोनदा चुकीची जोडली. मग पाठ तिच्याकडे असतानाच बोलायला लागले, आणि अर्ध्यावर पोचले तोच ती म्हणाली,

"आठवतं मला."

काका वळले.

"हत्तीचं पुस्तक होतं. हत्ती आंघोळीच्या टबात अडकतो. मी पान उलटणार, तेवढ्यात तुम्ही मला धरलंत. त्यानंतर अभ्यासाचं सोडून एक पुस्तक हातात घेतलं नाही मी." ती शांतपणे बोलत होती, ते जास्त लागत होतं. "तो हत्ती बाहेर निघाला की नाही, तेही माहीत नाही."

"निघाला."

"तुम्हाला काय माहीत?"

"तुम्ही गेल्यावर पुस्तक जागेवर ठेवताना वाचलं मी." काका म्हणाले. "सगळे ओढतात, तो काही निघत नाही. मग कुणीतरी हसतं. मग सगळेच हसतात. हत्तीलाही हसू येतं, आणि त्याच्या हसण्याने टब फुटतो."

ती नखातलं ग्रीस अंगठ्याने कोरत राहिली.

"म्हणजे हसायचीच गोष्ट होती," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"तुम्हाला माफबिफ केलं असं समजू नका."

"नाही समजत."

"अरे, गप्पा काय मारताय? माझा चेंडू कधीचा तयार आहे!" बटणआजी ओरडली. मुलगी उठली. तिने आईच्या मनगटाखाली आपला हात धरला, दोघींनी मिळून चेंडू सोडला. मंडळी खुर्च्या ओढत पुढे सरकली.

काकांना आत उभं राहवेना. ते फाटकापाशी आले, चार पावलं इकडे, चार तिकडे करू लागले. आत बाटल्या कोसळल्याचा आवाज झाला आणि मागोमाग असा गलका उठला की समोरच्या घराची खिडकी उघडली. त्या गलक्यात एक हसणं वेगळं, खळखळून येत होतं. काका थांबले.

भाजीची पिशवी घेऊन चाललेला एक गृहस्थ फाटकाशी थबकला. "काय हो, आत काय चाललंय एवढं?"

"वाचनालय आहे," काका म्हणाले.