लमूनचं हातजाळं

"नाही म्हणजे नाही," लमून म्हणाली आणि कच्च्या पपईचा कीस करत राहिली. "सुकआजीला सांग. ती पण करते की."

"सुकआजी अजून छावणीतच आहे," समॉन पायरीवर बसत म्हणाली. "आणि इथं असती तरी काय उपयोग? तोंडात एक दात नाही. तिची हाक शेजारच्या म्हशीला कळत नाही, जिवाला काय कळणार?"

एरवी लमून हसली असती. आज तिने फक्त पपई फिरवून घेतली. सीमेवरची लढाई थांबली होती आणि नोंग यांग गावची माणसं निर्वासितांच्या छावणीतून परतत होती. कुणाच्या कोंबड्या मेल्या होत्या, कुणाची भातरोपं वाळली होती, आणि जो तो आपापलं घर झाडत होता. झाडण्याचं काम बरं असतं. त्यात बोलावं लागत नाही.

समॉन ही शेजारीण. तिची मुलगी नुआन डांबरी रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाला लागून असलेल्या दुकानात गल्ल्यावर बसायची. सीमेपलीकडून आलेलं रॉकेट त्या दुकानावर पडलं तेव्हा नुआन आतच होती. अंगावर चार ओरखडे आले, बाकी काही नाही. पण त्या दिवसापासून ती बोललेली नव्हती.

"डॉक्टरनं गोळ्या दिल्यात. त्यानं झोपते, पण उठली की पुन्हा भिंतीकडं बघत बसते," समॉन सांगत होती. "घास भरवला तर तोंडात धरून ठेवते, गिळत नाही. मी बोटानं बाहेर काढते गं, लहान पोराचा काढावा तसा. लमूनताई, तिचा जीव तिथंच राहिलाय."

माणूस भयंकर दचकला की जीव अंगातून सुटतो आणि सुटल्या जागी घुटमळत बसतो, हे नोंग यांगमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मग त्या जागी जायचं. मासे धरायच्या हातजाळ्यात त्या माणसाचा अंगातला कपडा, चिकट भाताचा गोळा आणि उकडलेलं अंडं ठेवायचं. जमिनीलगत जाळं फिरवत नाव घेऊन हाका मारायच्या. जीव आला की वाटेतलं प्रत्येक वळण, प्रत्येक पूल मोठ्याने सांगत त्याला घरी आणायचं, नाहीतर तो पुन्हा चुकतो. लमूनने हे आईकडून घेतलं होतं. आंब्यावरून पडलेली पोरं, मोटरसायकलवरून आपटलेले जावई, सगळ्यांचे जीव तिने गोळा करून आणले होते. एकदा तर गावच्या मुखियाचाही आणला होता. त्याच्या मागे कुत्रा लागला होता, पण गावात सांगताना तो रानडुक्कर सांगत असे.

पण त्या दुकानात लमूनचा नवरा लॉयही होता.

लॉय पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. त्या सकाळी तोफांचा आवाज सुरू झाला आणि भोंग्यावरून गाव सोडायला सांगितलं, तेव्हा त्याने म्हाताऱ्यांना न्यायला गाडी काढली. डिझेल भरून आणि वाटेसाठी पाणी घेऊन येतो, म्हणाला. लमून बोचकी बांधत बसली. आवाज झाला, धूर दिसला, आणि ती रस्त्याकडे पळत सुटली तशी लोकांनी तिला धरून दुसऱ्याच्या गाडीत घातलं. लॉयला मदतपथकाने उचललं ते थेट जिल्ह्याच्या इस्पितळात. तिथल्याच विहारात घाईघाईने त्याला अग्नी दिला. पलीकडच्या देशात दिलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीला येताच आलं नाही. ती फोनवर रडली. "आम्ही पण ताडपत्रीखाली आहोत गं," एवढंच ती पुनःपुन्हा म्हणत होती.

या सगळ्यात लॉय पडला त्या जागी कुणीच गेलं नाही. त्याला कुणी वळणं सांगितली नाहीत की पूल सांगितला नाही. छावणीत भंतेंनी सगळ्या मृतांसाठी एकत्र पाठ केला होता आणि सगळे मार्गाला लागले असं सांगितलं होतं. भंते चांगले होते. पण लॉय गर्दीत कधी पुढे जाणारा माणूस नव्हता. सगळे गेले तरी तो मागे उभा राहिला असेल, असं लमूनला राहून राहून वाटायचं.

आणि असं अवचित गेलेल्याला घरी बोलवायचं नसतं. त्याला पुढे धाडायचं असतं. घरी बोलावला तर तो घरातच बसून राहतो, ना इकडचा ना तिकडचा, आणि त्याचा पुढचा जन्म अडतो. हे लमूनच आजवर दुसऱ्यांना सांगत आली होती. तिला त्या पेट्रोल पंपाची भीती नव्हती, भीती होती ती स्वतःच्या तोंडाची. तिथे उभं राहून 'ये, घरी ये' म्हणायचं, आणि नाव मात्र नुआनचं घ्यायचं, हे आपल्याला जमणार नाही असं तिला वाटत होतं. खरं तर जमू नये असंच वाटत होतं.

"माझी वाचली म्हणून रागावलीयस का माझ्यावर?" समॉनने हळूच विचारलं.

लमूनने हातातली पपई खाली ठेवली.

"थोडी रागावलेय," ती म्हणाली. "होईल कमी."

समॉनने मान हलवली. ती उठून गेली नाही.

खाली पायरीपाशी लमूनची चपलांची एकच जोडी होती. लॉय चपला कशाही भिरकावून घरात यायचा, एक इकडे तर दुसरी कोंबड्यांच्या खुराड्यापाशी. लमून बडबड करत पायानेच त्या जुळवायची आणि तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवायची, म्हणजे सकाळी उतरला की पाय घालून चालू लागेल. लग्न झाल्यापासूनचं हे काम होतं. आता पायाला तेवढं काम कमी झालं होतं.

"अंडं उकड," लमून शेवटी म्हणाली. "आणि तिचा दुकानातला सदरा आण. धुतला असशील तर कामाचा नाही."

"नाही धुतला," समॉन म्हणाली. "हातच लागेना माझा."

ऊन उतरल्यावर दोघी निघाल्या. कालव्यावरचा पूल ओलांडला आणि चिंचेपाशी वळल्या की डांबरी रस्ता लागतो. पंपाभोवती दोरी बांधली होती. छपराचे पत्रे लोंबत होते, दुकानाच्या दर्शनी काचेच्या जागी नुसतं भगदाड होतं. बाहेर फुलं होती, विझलेल्या उदबत्त्या होत्या, कुणीतरी दुधाचे छोटे डबे नळी खुपसून ठेवले होते. पहाऱ्यावरच्या पोक्त पोलिसाने लमूनच्या हातातलं जाळं पाहिलं आणि काही न विचारता दोरी वर उचलून धरली.

"काच आहे, मावशी. बघून चाला," एवढंच तो म्हणाला.

साफसफाई करणाऱ्यांनी सापडलेल्या वस्तू भिंतीशी ओळीने मांडल्या होत्या. एक हेल्मेट, एक पिशवी, कुणाचा तरी चष्मा. आणि निळ्या पट्ट्यांच्या चपला. उजवीचा पट्टा तुटला होता आणि तो पाण्याच्या पंपाच्या मोटरमधल्या तांब्याच्या तारेने नीट विणून बसवला होता. नवीन घे, नवीन घे म्हणून लमून वर्षभर त्याच्या मागे लागली होती.

त्या जळल्या नव्हत्या. त्यांच्यावर नुसती धूळ होती. त्याने त्या बाहेर काढून ठेवल्या असणार. लॉय त्या दुकानात कधी चपला घालून गेला नाही. एवढी चकचकीत फरशी, एवढा गारवा, आणि आपण चिखलाच्या चपला घेऊन जायचं? दुकानातल्या पोरी त्याला हसायच्या, तोही हसायचा आणि अनवाणीच आत जायचा.

लमूनने चपला उचलल्या. समॉनने तिचा दंड धरला.

"ताई, घरी नाही न्यायच्या."

"मला शिकवतेस?"

"नाही गं. पण नाही न्यायच्या."

जाळ्यात नुआनचा सदरा होता, भात होता, अंडं होतं. आणखी एक जोडी सहज मावली असती. चपला जाळ्यात टाकायच्या, एक हाक जास्त मारायची, बस्स. समॉनने पाहिलं तरी तिने कुणाला सांगितलं नसतं. लॉय घरी आला असता. ना इकडचा ना तिकडचा, पण घरी असता, रात्री कोपऱ्यात त्याचं खोकणं ऐकू आलं असतं. पुढच्या जन्माचं पुढे बघता आलं असतं. लमूनला हे इतकं हवं होतं की तिने चपला जाळ्याच्या तोंडापर्यंत नेल्या.

तिने चपला काखेत धरल्या आणि दुसऱ्या हाताने जाळं जमिनीलगत फिरवायला सुरुवात केली.

"ये गं नुआन, ये. इथं नको थांबूस. घरी आई वाट बघतेय. भात गरम आहे, अंडं सोलायचंय. ये गं, ये."

आवाज फुटका निघाला. तिने खाकरून पुन्हा हाक मारली. गल्ला जिथे होता तिथे, बर्फाच्या पेटीपाशी, मागच्या कोठाराच्या दारात. काचा चपलांखाली कुरकुरत होत्या. प्रत्येक 'ये' नंतर तोंडात दुसरंच नाव यायचं आणि ती ते गिळायची. शेवटी जाळं जड वाटलं. जीव आला की ते जड वाटतं, किंवा हात थकलेला असतो. आईने दोन्ही सांगितलं होतं.

"आली," ती समॉनला म्हणाली. "धर. मान वळवून बघू नकोस."

जाळं समॉनच्या हातात देऊन ती दाराच्या जागी वाकली. हाताने काचा बाजूला सारल्या. चपला खाली ठेवल्या आणि उठून पायानेच त्या जुळवल्या, तोंड रस्त्याच्या बाजूला.

"लॉय, काच आहे सगळीकडं," ती म्हणाली. "चपला घाल आणि जा."

'ये' म्हणाली नाही. मग मागे न बघता ती चालायला लागली.

"चिंच आली, नुआन. डावीकडं वळायचं." समॉन जाळं पोटाशी धरून पुढे होती, लमून मागून सांगत होती. "आता कालवा. पूल आलाय गं, नुआन. हळू ये." हाच पूल तिला दुसऱ्या कुणाला सांगायचा होता. तिने नुआनचं नाव पुन्हा एकदा घेतलं, गरज नसताना, फार मोठ्याने.

घरात नुआन भिंतीकडे तोंड करून बसली होती. लमूनने सदरा तिच्या खांद्यावर टाकला आणि अंडं सोललं. कुठे खळगा पडला नाही, अंडं गुळगुळीत निघालं, म्हणजे जीव सगळा आला होता. समॉनने सोडलेला श्वास खोलीभर ऐकू आला. जीव पुन्हा सुटू नये म्हणून लमून नुआनच्या मनगटावर पांढरा दोरा गुंडाळू लागली. समॉनने भाताचा छोटा घास अंड्यासकट तिच्या तोंडात दिला. नुआनने तो धरून ठेवला. दोघी बघत राहिल्या. मग तिच्या गळ्याची हालचाल झाली.

समॉन तोंडावर हात दाबून बाहेर गेली.

"काकांनी पाण्याचा खोका मागितला," नुआन म्हणाली. इतक्या दिवसांनी तिचा आवाज खरखरीत येत होता. "मी आणायला मागं गेले. म्हणून मी…"

"हं."

"मी म्हटलं होतं काका, आज तरी चपला घालून या, आज कोण बघतंय. तर म्हणाले, फरशी पुसलीयस ना तू."

लमूनचे हात दोऱ्यावर थांबले.

"तशाच बाहेर राहिल्या त्यांच्या चपला," नुआन म्हणाली. "काकी, ते अनवाणीच आहेत का अजून?"

"नाही," लमून म्हणाली. "सापडल्या त्याला. घालून गेला."

मग तिने दोऱ्याची गाठ मारली, सैल राहू नये म्हणून पुन्हा एकदा ओढली, आणि भाताची टोपली नुआनच्या बाजूला सरकवली.