मी कबरीतून उठत नाही

तेंपोको म्हातारी गाठोडं बांधून दारात बसली होती. तिचा दीर गेला आणि गावात कुजबुज सुरू झाली, हिनेच चेटूक करून त्याचा जीव खाल्ला म्हणून. आमचा गावप्रमुख नाबा, मयताचा सख्खा भाऊ. त्याने सांगून टाकलं: मयत मातीत गेलं की हिने गाव सोडायचं.

तिच्यासमोर इमाम बुकारी आणि तिबो मास्तर भांडत होते. दोघंही तिच्याच बाजूने, बरं का!

"माणसाला इज्जत अल्लाने दिलीय. म्हणून हिला हाकलायचं नाही," इमाम म्हणाले.

"आणि जो अल्लाला मानत नाही, त्याला हाकलायचं? कायद्यात लिहिलंय तेवढं पुरे," मास्तर.

"कायदा उद्या बदलतील!"

"आणि अल्लाचं नाव घेऊन हाकलतात, ते?"

"तुमचं ठरेपर्यंत मी पुढच्या गावात पोचेन रे," म्हातारी म्हणाली.

मी तिथून सटकलो, थेट कब्रस्तानात.

मी सामो जमातीचा, हे सगळे मोसी. आमचं पूर्वापार थट्टेचं नातं. तोंडावर एकमेकांना गुलाम म्हणायचं, त्यांनी आम्हाला कुत्रेखाऊ म्हणून चिडवायचं, वाट्टेल ते मागायचं, आणि कुणी चिडायचं नाही. चिडला त्याची अब्रू गेली. मोसींच्या मयताला तर आम्ही हमखास कबरीत आडवे होतो. कोंबडी दिली की उठतो.

मयत आलं तेव्हा मी खाली पसरलेला, हात छातीवर.

"ऊठ रे सामो, ही घे कोंबडी," नाबा म्हणाला. रडवेले भाऊबंदही फिस्सकन हसले.

"कोंबडी नको. तेंपोको माझी गुलाम. मालकाला न विचारता तिला हाकलणारे तुम्ही गुलाम कोण? ती घरातच राहील म्हण, उठतो. नाहीतर भावाला माझ्यावरच झोपव. गार आहे इथे, मस्त!"

"दोन कोंबड्या!"

"घोरू का आता?"

वरून हसत होतो, पण आत धाकधूक. नाबा खरंच चिडला असता तर म्हातारी गेलीच होती.

ऊन चढलं. "नाबा, मयत ताटकळलंय हो," इमाम कळवळले.

नाबाने कपाळाला हात लावला. "राहू दे तिला. सगळ्यांनी ऐकलंत ना? आता निघ बाहेर, कुत्रेखाऊ!" आणि स्वतःच हसला. हुश्श!

धूळ झटकत परत आलो, तर म्हातारी गाठोडं सोडून भांडी मांडत होती. माझ्या मागोमाग ते दोघं.

"हे अल्लानेच सुचवलं याला!"

"छे! माणसांनी माणसांसाठी केलेली रीत आहे ही. काय रे सामो?"

"मला विचारू नका. दोन कोंबड्या घालवल्या मी आज."

तेंपोकोने घाट्याचं भांडं माझ्यापुढे सरकवलं.

"खा रे माझ्या गुलामा. कुत्रं नाही घातलेलं त्यात. चालेल ना?"